भोंग्यावर सांगितलेलं मरण

आमच्या गावात रेडिओ आला तो बैलबंडीतून. दारव्ह्याहून एका लाकडी पेटीत, कडब्याच्या कुटारात दाबून बसवलेला. त्याच सुमारास आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. राज्य बदललं म्हणजे नेमकं काय बदललं हे कोणाला कळायच्या आत ही पेटी आली, म्हणून पुष्कळ दिवस म्हातारी माणसं त्या पेटीलाच 'नवं राज्य' म्हणत. "नवं राज्य बोलते काय आज?" असं विचारत पंचायतीच्या ओट्यावर येऊन बसत.

गाव दारव्हा आणि नेर यांच्या मधलं, सडकेला लागून. कापसाची सरकी काढणारं एक जीन, मुलींची एक शाळा, सोमवारचा बाजार. त्या शाळेत मी नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते आणि लग्नही त्याच वर्षी झालं होतं. माझे यजमान, ज्यांना मी जन्मभर 'हे' म्हणत आले, जिनातल्या इंजिनावर होते. लग्नाआधी नागपुरात एका दुरुस्तीच्या दुकानात त्यांनी दोन-तीन वर्षं काढली होती, त्यामुळे सरपंचांनी रेडिओ यांच्या ताब्यात दिला. गावात वीज नव्हती. मोटारीची एक जड बॅटरी होती, ती जिनाच्या इंजिनावर भरून खांद्यावरून पंचायतीत आणायची, संपली की परत न्यायची. हे कमी बोलणारे, पण त्या पेटीशी बोलत. आतले काचेचे दिवे तापायला वेळ लागे, तेवढ्यात "चाल, चाल, जाग आता," असं पुटपुटत.

दुसऱ्या वर्षी सरपंचांच्या मनात आलं की ओट्यावर बसणाऱ्यांनीच का ऐकावं, सगळ्या गावानं ऐकावं. ते कुठूनतरी आवाज मोठा करायचं यंत्र आणि चार भोंगे घेऊन आले. एक पंचायतीच्या छतावर बसवला, एक मोटार थांबायच्या जागी लिंबाच्या झाडावर, एक बाजारात, एक जिनाच्या फाटकाशी. पंचायतीच्या मागच्या अंगाला एक अंधारी खोली होती, तिथे यंत्र ठेवलं. त्या खोलीला लोक भोंगाघर म्हणू लागले. सकाळी आणि दिवेलागणीला नागपूरच्या बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, थोडं भजन. आणि मधे गावच्या सूचना. कोणाची म्हैस चुकली, दुकानात घासलेट आलं, देवी टोचणारे डॉक्टर उद्या येणार.

सूचना आधी पंचायतीचे कारकून वाचत. पण त्यांचा आवाज भोंग्यातून दळल्यासारखा येई, शब्द कळत नसत. एकदा ते आजारी असताना यांनी मला बोलावलं. मी शाळेत पाढे म्हणून घेते तशा स्वच्छ आवाजात चार ओळी वाचल्या आणि बाहेर आले तर सरपंच ओट्यावर उभे. म्हणाले, आता रोज तुम्हीच. गावात कुरबुर झाली. बायकोचा आवाज चार खांबांवर टांगला, असं कोणी म्हणालं ते यांच्या कानावर आलं. यांनी घरी येऊन मला फक्त एवढंच विचारलं की तुला आवडते का? मला आवडत होतं. खरं सांगायचं तर फार आवडत होतं. सडकेनं जाताना बायका दारातून हाक मारून म्हणत, "बाई, सकाळी ऐकलं तुमाले." मी चोवीस-पंचवीस वर्षांची होते, आणि सारं गाव माझा आवाज ओळखत होतं.

मरणाची पहिली बातमी सरपंचांच्या वडिलांची. म्हातारे भर दुपारी गेले. खेड्यापाड्यांत माणसं पाठवायला वेळ नव्हता, म्हणून सरपंचांनी भोंग्यावरून सांगायला सांगितलं. यांनी यंत्र सुरू केलं, मी सांगितलं. वारा पडलेला होता, आवाज लांब गेला. शेतातून, तांड्यावरून, पलीकडच्या खेड्यातून माणसं येत राहिली. गावानं एवढी मोठी मयत पाहिली नव्हती. त्यानंतर प्रत्येकाला आपल्या घरचं मरण भोंग्यावर सांगितलेलं हवं झालं. सरपंचांनी नियम केला की मयताच्या घरच्या माणसानं स्वतः येऊन सांगावं, त्याशिवाय वाचायचं नाही.

तेव्हा मला कळलं नाही की यामुळे काय होणार आहे. यंत्र सुरू झालं की भोंग्यातून आधी खरखर येई, मग एक बारीक शीळ, आणि मग माझा आवाज. सकाळी आणि दिवेलागणीला ती खरखर आली तर कोणाला काही वाटत नसे. पण अवेळी आली की गावाचे हात थांबत. विहिरीवर रहाट थांबे. बाया उंबऱ्यात येऊन उभ्या राहत, आणि शीळ संपून मी पहिला शब्द बोलेपर्यंत प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर आपापलं माणूस येत असे. हे मला एका शेजारणीनं सांगितलं. म्हणाली, "तुमी बोलायच्या आधीचं ते जे असते न बाई, ते लय वाईट असते."

मग एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. एकेका दिवशी खरखर तीन-तीनदा होऊ लागली. शेवटी सरपंचांनी मरणाच्या बातम्या बंद करायला लावल्या, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. सुई टोचणारी गाडी आली, मी भोंग्यावरून सांगितलं की सगळ्यांनी शाळेत येऊन टोचून घ्या, आणि गल्ल्यांमधली दारं लागली. त्याच आवाजानं बोलावलं होतं ना. डॉक्टरांना घरोघर जाऊन कड्या वाजवाव्या लागल्या.

साथ गेली, मरणाच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्या, तरी माझ्याभोवतीचं काहीतरी गेलं नाही. सडकेनं जाताना हाका येईनाशा झाल्या. पोटुशी बाई समोरून आली तर पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करी. आणि एके सकाळी शाळा भरायच्या आधी एक आई आली. ती मोलमजुरी करणारी होती, तिची मुलगी माझ्या दुसरीच्या वर्गात होती. दारातच उभी राहिली, आत येईना.

"बाई, माह्या पोरीले ताप हाये," ती म्हणाली. "तिचं नाव हजेरीत घेऊ नका."

मी म्हटलं, ती आली नाही तर गैरहजर लिहीन, एवढंच.

"लिहा. पण बोलू नका."

मी ते नाव उच्चारलं नाही. मुलगी आठवड्याभरात बरी होऊन आली. त्यानंतर दुसऱ्या आया येऊ लागल्या. पुढे पुढे मी हजेरी नावं न घेताच भरू लागले, मुलींच्या तोंडांकडे पाहून. घरी आल्यावर मी यांना म्हटलं की मला आता भोंग्यावर बोलायचं नाही. हे बॅटरीत पाणी घालत होते. म्हणाले, "तू बंद केलं तं लोकाइले वाटन का खरंच काई होतं." ते खरं होतं. म्हणून मी बोलत राहिले.

या सगळ्याच्या एक-दोन वर्षांनंतरचा तो सोमवार. महाराष्ट्र राज्य झालेलं होतं, कापूस वेचायचे दिवस होते, जिनाच्या बाहेर बंड्यांची रांग लागलेली होती. सोमवारी बाजारामुळे शाळा सकाळची असे. शाळा सुटली आणि मी नेहमीप्रमाणे भोंगाघरात गेले, कारण बाजाराच्या दिवशी दहा वाजता कापसाचे भाव सांगायचे असत. हे यंत्रापाशीच होते.

एक तरुण माणूस सायकल घेऊन आला. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल, घामानं ओला. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं एका खेड्याचं नाव घेतलं. ते खेडं आमच्याच पंचायतीत जोडलेलं, नदीपलीकडे, चालत तासाभराच्या आत. तिथले एक म्हातारे शेतकरी सगळ्या भागाला माहीत होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मोठी काळीची जमीन, आणि ते पुतण्याच्या घरी राहत. लहानथोर सगळे त्यांना काकाजी म्हणत.

"काकाजी गेले," तो तरुण म्हणाला. "बजाराले निंगाले होते. डोहात पाय घसरून पडले. दुपारी दोन वाजता नेऊन राह्यलो."

यांनी विचारलं, तुम्ही कोण? तो म्हणाला, पुतण्याचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ. घरचाच माणूस होता, नियमात बसत होतं. तो खाली बघत होता, आणि दुःखात माणसं खालीच बघतात. हे म्हणाले, पाणी प्या. तो प्यायला नाही. सायकलवर बसला आणि मोटार थांबते तिकडे निघून गेला.

यांनी कळ दाबली. खरखर झाली, शीळ झाली. दहा वाजायचे होते, म्हणजे वेळ अवेळच. सगळा बाजार गप्प झाला, ते मला खोलीतसुद्धा कळलं. मी सांगितलं. गावाचं नाव, काकाजींचं नाव, नदीच्या डोहात बुडून मरण पावले, अंत्ययात्रा दुपारी दोन वाजता. दोनदा सांगितलं.

थोड्या वेळानं दारात सावली पडली. मी वर पाहिलं. काकाजी उभे होते.

धोतर, अंगरखा, हातात काठी, खांद्यावर पिशवी. पिशवीतून मेथीची जुडी वर आलेली. त्यांच्या मागे वरच्या रस्त्यावरच्या बंजारा तांड्याचे नायक होते, त्यांचे जुने स्नेही, हातात बैलाचा कासरा तसाच. यांनी उठून त्यांना स्टूल दिलं. काकाजी बसले आणि बराच वेळ यंत्राकडे बघत राहिले.

"कोनं सांगतलं?" त्यांनी विचारलं.

यांनी सगळं सांगितलं. सायकल, पांढरा सदरा, रुमाल, पुतण्याचा साळा म्हणून. सगळं ऐकून झाल्यावर काकाजींनी मान हलवली, माणूस ओळखीचा असल्यासारखी.

"डोहात बुडालो म्हने?"

"हो."

"मी तं आज डोहाकून आलोच नाई," काकाजी म्हणाले.

ते प्रत्येक सोमवारी उजाडताच एकटे निघत आणि डोहाच्या काठच्या पायवाटेनं बाजाराला येत. सगळ्या भागाला हे ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र आदल्या संध्याकाळीच ते तांड्यावर नायकांकडे गेले होते. नायकांना बैल विकायचा होता, सोबत चला म्हणाले, तर रात्री तिथेच राहून सकाळी त्यांच्या बंडीतून वरच्या रस्त्यानं आले होते. बंडी पंचायतीच्या मागेच सोडली होती, त्यामुळे बाजारात अजून कोणी त्यांना पाहिलं नव्हतं. घरी त्यांनी हे सांगितलं नव्हतं, कारण एरवीही ते अधूनमधून मळ्यातच झोपत.

जे होतं ते सगळ्यांना एकदमच कळलं. डोहावर कोणीतरी पहाटेपासून बसलं होतं. आणि ठरल्याप्रमाणे दहाच्या सुमारास दुसऱ्यानं येऊन बातमी दिली होती, तिकडे काम झालं की नाही हे न बघता. दुपारी दोनला जाळून मोकळे होणार होते. ते मरण मी सांगितलं होतं, आणि ते व्हायचं राहून गेलं होतं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. भोंगाघराला बाजाराच्या बाजूला एक लहान खिडकी होती. यांनी ती जराशी लोटली. खाली कापडाच्या दुकानांसमोर पुतण्या उभा होता. चाळिशीचा, धिप्पाड. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, चिखलानं भरलेलं. तो बहुधा साळ्याला थांबवायलाच धावत आला असेल, पण बातमी त्याच्या आधी पोचली होती, आणि बाजारानं त्याला घेरलं होतं. कोणी त्याला छातीशी धरत होतं, कोणी पाठीवर हात फिरवत होतं, बाया तोंडाला पदर लावून उभ्या. तो आधी नुसता इकडेतिकडे बघत राहिला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो रडू लागला. तोंडावर हात घेऊन, मोठ्यानं.

काकाजी स्टुलावरून उठले आणि खिडकीशी आले. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी ते पाहिलं.

"रडून तं बराबर राह्यला," ते म्हणाले.

नायकांनी कासरा खाली टाकला आणि दाराकडे निघाले. काकाजींनी काठी आडवी धरून त्यांना थांबवलं. तोवर सरपंच आले होते. ते म्हणाले की दारव्ह्याला माणूस पाठवतो, पोलीस बोलावतो. काकाजी म्हणाले, पोलिसांना काय सांगणार? मी मेलो नाही हे? कोणाला कोणी हात लावलेला नाही. पुतण्या म्हणेल मासे धरत होतो, साळा म्हणेल, मला कोणी सांगितलं तेच मी येऊन सांगितलं.

मग काकाजी यांना म्हणाले, "मले बोलू द्या त्याच्यावर."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून जागा दिली. काकाजींना त्या यंत्राजवळ तोंड नेऊन बोलायचं माहीत नव्हतं. यांनी त्यांच्या खांद्याला धरून पुढे आणलं आणि कळ दाबली. खरखर, शीळ. बाहेर पुन्हा सगळं चिडीचूप झालं.

काकाजींनी आधी आपलं नाव सांगितलं, मग गावाचं. मग म्हणाले, "मी जिता हाये. आज मी डोहाच्या वाटेनं आलो नाई. कोनी माह्यासाठी लाकडं फोडली असन तं तशीच राहू द्या."

बाजारात काही माणसं हसली, गंमत वाटून. पण मी खिडकीतून पुतण्याकडे बघत होते. त्याचे हात तोंडावरच राहिले होते. रडणं थांबलं होतं. मग त्यानं हात काढले, आणि हाताची घडी घालून तो आमच्या खिडकीकडे बघत राहिला. त्याला मी दिसत नव्हते, खिडकी जराशीच उघडी होती. तरी मी मागे सरले.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी काकाजींना सांगून पाहिलं. नायक म्हणाले, तांड्यावर चला, माझ्या घरी राहा. काकाजींची एक बहीण उमरखेडकडे दिलेली होती, सरपंच म्हणाले, मी मोटारीत बसवून देतो. हे म्हणाले, आमच्याकडे एक खोली आहे. काकाजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"घर माहं हाये, वावर माहं हाये," ते म्हणाले. "मी कायले जाऊ?"

आणि दुपार कलल्यावर ते नायकांच्या बंडीत बसून आपल्याच घरी गेले. पुतण्या बंडीच्या मागे चालत गेला. बाजारातली माणसं ती बंडी दिसेनाशी होईपर्यंत सडकेच्या कडेला उभी होती.

पुढच्या सोमवारी ते आले. नायकांची बंडी त्यांना घ्यायला जात असे आणि सोडायलाही. येऊन भोंगाघरातल्या स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, "सांगा, आलो म्हनून." मी कापसाच्या भावांनंतर सांगितलं की अमुक गावचे काकाजी बाजाराला आले आहेत. त्यापुढच्या सोमवारी पुन्हा. मग ते ठरूनच गेलं. त्यांच्या येण्यात भीती दाखवायचं काही नव्हतं. बसत, पाणी पीत, यांच्याशी पावसाचं, कापसाचं बोलत. पण घरचा विषय ते काढत नसत. एकदा मी धीर करून विचारलं की जेवण कोण वाढतं?

"पुतसून वाढते," ते म्हणाले. "चांगलं वाढते." आणि जरा थांबून, "आधी मांजरीले देतो."



गावात आता आणखीनच काहीतरी झालं. अवेळी खरखर झाली की पूर्वी प्रत्येकाला आपलं माणूस आठवे, आता सगळ्यांना काकाजी आठवू लागले. दुसऱ्या कोणाचं नाव आलं की, मी सांगायला नको, पण लोकांना हायसं वाटे. आणि सोमवारी दहा वाजता मी ते वाक्य सांगेपर्यंत बाजारात सौदे धिमे चालत. पुतण्याही बाजाराला येई. भोंग्याखालीच, मिरच्यांच्या ढिगापाशी उभा राहून ऐके आणि निघून जाई. कधी कोणाशी भांडला नाही, कधी वर आला नाही. साळा परत कोणाला दिसला नाही.

चीनशी लढाई झाली त्या दिवाळीच्या सुमारास भोंगाघरासमोर रोज गर्दी लोटे. नागपूरची बातमी लागली की माणसं श्वास धरून उभी राहत. त्या गर्दीतही सोमवारी काकाजी स्टुलावर होते. बातम्या संपल्या, मी त्यांचं वाक्य सांगितलं, आणि कोणीतरी बाहेरून म्हणालं, "तिकडं एवढी मानसं मरून राह्यली, अन् एक म्हातारा जिता हाये हे कायले सांगता?" काकाजींनी ते ऐकलं. त्या दिवशी लवकर उठून गेले. पण पुढच्या सोमवारी आले.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सोमवारी ते आले नाहीत. झड लागलेली होती, नदीला पाणी होतं, म्हणून आम्ही मनाची समजूत घातली. दहा वाजले. यांनी यंत्र सुरू केलं. मी भाव सांगितले. मग काय सांगायचं ते मला कळेना. यांनी कळ बंद केली. बाजारात छत्र्या आणि घोंगड्या घेऊन माणसं पंचायतीकडे तोंड करून उभी होती.

दुपारी नदीचं पाणी जरा उतरलं आणि पुतण्या आला. पहिल्यांदाच भोंगाघराची पायरी चढून. भिजलेला, डोक्यावर पोत्याची खोळ. दारातच थांबून त्यानं मला हात जोडले.

"काकाजी गेले," तो म्हणाला. "तापानं. चार रोज झाले ताप होता. सांगा बाई."

मी म्हटलं, "कोणी पाहिलं?"

"सगळ्याइनं पाह्यलं."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. राग नव्हता त्याच्या नजरेत. "मी घरचा हावो," तो म्हणाला. "नियम तोच हाये न तुमचा?"

मी सांगणार नाही, असं मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पंचायतीच्या कामाला नाही म्हटलं. सरपंच आले, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नाही सांगितलं तर उद्या उलटं आपल्यावर येईल. हे मधे पडले आणि म्हणाले की नायक बाजारात आले आहेत, ते जाऊन पाहून येतील, मग सांगू. पुतण्या म्हणाला, चालेल. आणि तिथेच ओट्यावर भिंतीला टेकून वाट बघत बसला. पाऊस पडत होता. आम्ही आत, तो बाहेर. मधे दार उघडंच होतं. तसा तो बराच वेळ बसला होता, आणि मला त्याच्या श्वासाचासुद्धा आवाज येत होता.

नायक परत आले तेव्हा दिवस कलला होता. चिखलानं कमरेपर्यंत भरलेले. आत येऊन खाली बसले.

"गेले," ते म्हणाले. "बाजेवर हायेत. झोपल्यावानी."

यांनी विचारलं, ताप होता का खरंच?

"शेजारी म्हनते, होता," नायक म्हणाले. "मले काय माहीत. नदीनं वाट देली नाई, चार दिवस मी गेलोच नोहतो."

गावचा पाटीलही पाहून गेल्याचं त्यांनी सांगितलं. यापलीकडे विचारायचं काही उरलं नव्हतं. यांनी कळ दाबली. मी सांगितलं. माझा आवाज कापला नाही. मी दुसऱ्यांदा त्याच माणसाचं मरण सांगत होते, आणि या वेळी ते खरं कसं झालं हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप झाली आणि सगळा भाग तिकडे लोटला. सरपंचांच्या वडिलांच्या मयतीला आली नव्हती एवढी माणसं. मीही गेले, बायका सहसा जात नसत तरी. प्रत्येक जण बाजेजवळून जाताना थांबत होता आणि तोंडाकडे बघत होता. पुतण्या उशाशी उभा राहून सगळ्यांना नीट बघू देत होता. काकाजींचा चेहरा मला तर शांतच दिसला. पण मी त्या चेहऱ्यात काय शोधत होते ते मलाच माहीत नव्हतं.

त्यानंतर मरण सांगायला भोंगाघरात कोणी आलं नाही. मी वाट बघत असे, की कोणीतरी येईल. माणसं मरत होती, मयती निघत होत्या, पण लोक पूर्वीसारखे पायी निरोप धाडू लागले. कोणी मला कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढच्या निवडणुकीत पुतण्या पंचायतीत निवडून आला. मोठी जमीन होती, माणसांना धरून होता, आणि कोणाला कधी उलट बोलला नव्हता. तोवर जिनात काम करणाऱ्यांच्या हातातही ट्रान्झिस्टर दिसू लागले होते, ओट्यावर ऐकायला कोणी बसत नसे. एका दुपारी तो भोंगाघरात आला आणि यांना म्हणाला की पंचायतीत ठरलं, आता हे बंद करू. माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुमाले लय तरास झाला याचा." अगदी आदरानं म्हणाला.

हे शिडी लावून लिंबाच्या झाडावर चढले तेव्हा खाली शिडी त्यानंच धरली होती. चारही भोंगे उतरवून होईपर्यंत धरली. एकदाही हात सोडला नाही.